खानेसुमारीतलं सहावं माणूस

नारायणराव तुळजापूरच्या हायस्कुलात शिकवत आणि बाहेरून एम.ए.ला बसायची तयारी करत. विषय तत्त्वज्ञान, पेपर जर्मन विचारवंतांचा. त्यातल्या एकाचं म्हणणं असं, की प्रत्येक जाणिवेमागं ‘मी’ असतोच, पण जाणलेल्या गोष्टींत तो कुठं सापडत नाही. नंतरचा म्हणे, दुसऱ्या ‘मी’नं ओळख दिल्याशिवाय ‘मी’ला स्वतःची ओळख पटत नाही. पहिलं त्यांनी पाठ केलं होतं. दुसरं त्यांना शब्दांचा पसारा वाटे.

एकसष्टच्या फेब्रुवारीत घरोघरची माणसं मोजायचं, खानेसुमारीचं काम लागलं आणि ते तामलवाडीला गेले. गावाबाहेर एका धनगराच्या दारात चाळिशीला टेकलेली बाई करडाला दूध पाजत बसली होती. घरात कोण कोण, असं विचारल्यावर तिनं सासरा, सासू, नवरा गोरोबा आणि दोन लेक सांगितले. आणखी कुणी न्हाय, म्हणाली.

“आणि तुम्ही?”

ती गडबडली. “म्या तर सांगायलेय की. मला बी धरायचं?”

नारायणरावांनी कागदावरून मान वर केली. पाठ केलेलं वाक्य असं कुणाच्या तोंडून ऐकावं लागेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी नाव विचारलं. ती हळूच म्हणाली, “बानू.”

त्यांनी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं, “बानूबाई गोरोबा.” तिनं तोंडाला पदर लावला. आई गेल्यापासून हे नाव तिनं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात गोरोबा शेरडं घेऊन आला. कागदावर काय लिहिलं ते ऐकून म्हणाला, नाव चुकलंय, ही नीलम्मा. तेव्हा तिनं खाली बघत सांगितलं. लग्नात सासूनं आपल्या मेलेल्या आईचं नाव तिला दिलं. ती सात वर्षांची होती, गोरोबा दहाचा. आधीचं नाव तिला कुणी विचारलंच नाही.

गोरोबा काठी टेकून तिच्यासमोर उकिडवा बसला.

“तीस वरसं म्या कुणाला हाका मारत व्हतो?”

नारायणरावांनी, गोरोबाला नव्हे, तिला विचारलं, कोणतं नाव ठेवू?

“बानूच ऱ्हाऊ द्या.”

गोरोबानं तोंड उघडलं, पण ते नाव त्याच्या जिभेवर येईना. नारायणराव पुढच्या घराकडं निघाले तेव्हाही तो तिच्याकडंच बघत होता, पहिल्यांदाच दारात आलेल्या माणसाकडं बघावं तसा.