पेंढ्यातले ढालकिडे

आळीतल्या आठ चेरींखालून फुसाए गेली अठरा वर्षं वर न बघता चालत होती. एप्रिलमध्ये आठ दिवस फुलं असतात, तेव्हा सगळं गाव माना वर करतं, फोटो काढतं, झाडाखाली डबे उघडून बसतं. मे लागला की कोवळ्या पानांवर मावा चढतो, मधासारखा चिकटा गळतो आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते. पानं काजळतात, फांद्या काजळतात, खालच्या गाड्या, कुंपणं, दोरीवरचे कपडे, काही म्हणता काही सुटत नाही. मग बादली, फडकं आणि साबणाचं पाणी घेऊन फुसाएनेच निघायचं, कारण झाडं तिच्या नवऱ्याची. कागदोपत्री नगरपालिकेची, पण राबायला तोकुजीची, आणि तोकुजीची म्हणजे निम्मी तिची. चौऱ्याहत्तराव्या वर्षी शिडी धरून उभं राहताना तिच्या नाकी नऊ येत.

तोकुजीने उभा जन्म किल्ल्याच्या बागेत पाइनच्या झाडांना पेंढ्याचे पट्टे बांधण्यात घालवला होता. नोव्हेंबरात बुंध्याला पट्टा बांधायचा, थंडीने सुरवंट, किडे उबेला त्यात शिरतात. मार्चमध्ये, पंचांगात किडे जागे होण्याचा दिवस असतो त्या दिवशी, पट्टे सोडून जाळायचे. उघडून बघायचं नाही, उघडलं की किडे निसटतात, असं त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्याने तेच पट्टे आळीतल्या चेरींना बांधले. चेरीला असलं कोणी बांधत नाही, असं म्हणायची कोणाची छाती नव्हती. किल्ल्यातला माणूस तो.

तरी काजळी दर वर्षी वाढतच गेली. गेल्या जूनच्या बैठकीत आळीच्या प्रमुख हिराओकाबाईंनी खूप आढेवेढे घेत, तीनदा वाकून, सांगून टाकलं, "तोकुजी-सान, तुम्ही एवढं करता, आम्हाला बोलायलाही लाज वाटते. पण पुढच्या जूनपर्यंत काजळी हटली नाही, तर झाडं तोडायचा अर्ज द्यावा लागेल हो." तोकुजी घरी येऊन दोन दिवस धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "यंदा पट्टे दुहेरी बांधतो." बांधलेही.

आणि नेमकी मार्चमध्ये, जाळायच्या दोन दिवस आधी, त्याची पाठ धरली. कूस बदलायची चोरी.

"तू सोड पट्टे," तो पडल्या पडल्या म्हणाला. "गाठ कापायची. गुंडाळून सरळ ढिगावर. उघडायचं नाही."

"अठरा वर्षं ऐकतेय. पाठ आहे मला."

"पाठ असून चालत नाही, हात हवा."

"हाताला काय झालंय? कांजी भरवली तो कोणाचा होता?"

पहिले तीन पट्टे तिने नीट गुंडाळले. चौथा हातातून सुटला आणि जमिनीवर उलगडला. आत सुरवंट असतील म्हणून ती दोन पावलं मागे सरली. सुरवंट एकही नव्हता. होते ते ढालकिडे. काळ्यावर लाल ठिपक्यांचे, नारिंगी, ठिपक्यांचे, बिनठिपक्यांचे, एकमेकांना चिकटून झोपलेले मूठ मूठ ढालकिडे. तिने पाचवा उघडला. सहावा उघडला. मग उरलेले दोन आणि पहिले तीनही उघडले.

फुसाए मुळ्याच्या शेतात वाढलेली. ढालकिडा मावा खातो हे तिला वयाच्या चौथ्या वर्षापासून माहीत होतं. ती तिथेच ओल्या मातीत बसली. अठरा हिवाळे हे बिचारे तिच्या नवऱ्याच्या पेंढ्यात विश्वासाने झोपायला येत होते, आणि दर मार्चला तो त्यांना जाळत होता. मग मे महिन्यात मावा खाणार कोण? तिला आधी हसू आलं, मग संताप आला, आणि मग दोन्ही गेले आणि नुसता थकवा राहिला. एवढं धुतलं, एवढं पुसलं, ते कशासाठी?

आत जाऊन सांगावं, तर तो पाठ धरून पडलेला. आयुष्यभरात त्या माणसाजवळ एकच गोष्ट होती, पट्टा बांधणं. सांगू नये, तर झाडं जाणार. फुसाएने दोन्हींच्या मधून वाट काढली. आठही पट्टे सैल करून झाडांमागच्या कुंपणात खोचले आणि ठरल्या दिवशी आळीसमोर पडवीतला जुना पेंढा जाळला.

"धूर झाला का?" खिडकीतून तोकुजीने विचारलं.

"झाला."

"तडतडला?"

"तडतडला हो! झोपा आता."

ऊन तापलं तसे ढालकिडे एकेक करून निघून गेले. मे आला. मावा चढला खरा, पण चार दिवसांत पानापानावर ढालकिड्यांची काळी, काटेरी पिल्लं मावा खात फिरू लागली. कुठे कुठे काजळीचे डाग पडले, बाकी पानं हिरवी. जून उजाडला तरी हिरवीच.

रविवारी सकाळी आळीच्या सभागृहात तोकुजीला मधली, मानाची बसायची उशी दिली. झाडं तोडण्याचा विषय हिराओकाबाईंनी हसत कागदावरून खोडला. "दुहेरी पट्ट्याची कमाल!" कोणीतरी म्हणालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोकुजीचे कान लाल झाले. मग बाई म्हणाल्या, "देवळाजवळच्या पंधरा चेरी आणि शाळेच्या बारा, यांनाही यंदा बांधू या. तोकुजी-सान शिकवतील सगळ्यांना." तोकुजीने वाकून होकार दिला. मागे बसलेल्या फुसाएने मनात बेरीज केली. आठ झाडांचं खोटं तिने एकटीने उचललं होतं. पस्तीस झाडांचं उचलायची ताकद तिच्यात नव्हती.

बाहेर पडल्यावर तिसऱ्या झाडाखाली ती थांबली.

"अहो, दुहेरी पट्ट्याने काही झालं नाही."

"मग कशाने झालं?"

तिने सगळं सांगितलं. चौथा पट्टा, आतले ढालकिडे, पडवीतला पेंढा, सगळं.  सांगून झाल्यावर तो म्हणाला, "सगळ्या आठांत होते?"

"सगळ्या आठांत."

"सुरवंट?"

"एकही नाही."

तोकुजीने बुंध्यावर तळहात ठेवला. "दर वर्षी किड्यांची तडतड ऐकून मला बरं वाटायचं गं," तो म्हणाला.  फुसाएला त्याची इतकी कीव आली की तिने त्याची बाही धरली. "घरी चला. नोव्हेंबरला अजून वेळ आहे. काहीतरी निमित्त काढू, पाठीचं सांगू."

"लोक अजून आत आहेत," तो म्हणाला.

"आज नको. आज टाळ्या मिळाल्यात तुम्हाला."

"म्हणून तर आजच."

त्याने बाही सोडवून घेतली आणि पाठीला हात लावत सभागृहाकडे परत चालू लागला.  ती झाडाजवळच्या कठड्यावर बसली. दार सरकल्याचा आवाज आला, मग "अरे, या या, काही विसरलात का?" असं हिराओकाबाईंचं बोलणं, चहाच्या पेल्यांची खळखळ, हसणं. मग हसणं थांबलं. बराच वेळ फक्त त्याचा एकट्याचा आवाज येत राहिला, आणि आत तो माफीसाठी वाकला असणार हे ओळखून फुसाएही मान खाली घालून, त्याच्याबरोबर, जागच्या जागी वाकली.