फोटोमागचं दार्जिलिंग

कारागिराचं इमान त्याच्या कामाच्या मागच्या बाजूला दिसतं, असं पांढरकवड्याचे शब्बीर फ्रेमवाले नेहमी सांगत. म्हणूनच मागची बाजू ते खिळे ठोकून, वरून खाकी कागद डकवून कायमची बंद करत.

तीस वर्षांत ती कोणी उघडली नव्हती. आज लमाण तांड्यावरचा रामधन याडीच्या, म्हणजे आईच्या, फोटोची फुटलेली काच बदलायला आला.

"ठेवून जाय. संध्याकाळी ने," शब्बीर म्हणाले.

"याडीले एकटी सोडू काय दुकानात? बसतो न मी."

रामधन स्टुलावर बसला. आता मागची बाजू त्याच्यासमोरच उघडावी लागणार होती. तीस वर्षांपूर्वी ही फ्रेम करून घेताना रामधनची एकच अट होती: गेलेल्या माणसामागे रद्दी नको, कोरा पुठ्ठा घाल. शब्बीरांनी हो म्हटलं होतं. नेमका पुठ्ठा संपला होता आणि सासऱ्यांनी यवतमाळ स्टेशनाच्या रद्दीतून आणलेलं रेल्वेचं पोस्टर हाताशी होतं.

पक्कडीनं खिळे निघाले. घडी उलगडली. निळे डोंगर, कोवळं ऊन, वळणावर लाल डब्यांची लहानशी गाडी. इंजिनाचा धूर कोणाच्या डोळ्यांत जात नव्हता. खिडकीगणिक एकच माणूस. उभं कोणी नाही, बोचकं घेऊन दारात तर मुळीच नाही. अशी गाडी कुठेच धावली नसणार. म्हणून तर तिच्यात बसावंसं वाटत होतं.

रामधन स्टुलावरून उठून जवळ आला. "हे काय होय?"

"दार्जिलिंग." रद्दी हा शब्द शब्बीरांनी गिळला.

"तीस वर्सं हेच होतं मांगं?"

"हाव."

"आमचा बैलांवर माल वाहाचा धंदा या रेल्वेनं खाल्ला, शब्बीरभाई. तरी याडी म्हने, मले एक डाव बसव तिच्यात. म्या काही बसवलं नाही." रामधननं दुपट्ट्यानं नाक पुसलं. "तुले तिनंच सांगतलं असंन."

शब्बीरांनी तोंड उघडलं. खोटं आयतंच वाढून आलेलं पाहून मिटलं.

"आता चित्र समोर घे. तिले खिडकीपाशी बसव," रामधन म्हणाला.

फ्रेम मोठी झाली. पोस्टरवर डकवलेली म्हातारी तिसऱ्या डब्यावर बसली. डब्याहून जरा मोठीच दिसत होती. रामधन तिला छातीशी धरून गेला. शब्बीरांनी लागोपाठ दोन कप चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्यावरची आठ माणसं आपापल्या म्हाताऱ्यांच्या फ्रेमा काखेत मारून दुकानात आली. आमचे कुठं गेले ते पाहू दे, म्हणाली.

पोस्टर एकच होतं. बाकीच्यांच्या मागे सिमेंटच्या गोणीचा कागद होता.