घोडा पडतो, गोळी सुटत नाही

आमच्या घरात रिव्हॉल्व्हर आहे हे मी भारतात कुणाला सांगत नाही. सांगितलं की पहिला प्रश्न, तुमची कुणाशी भांडणं आहेत का, आणि दुसरा, बायको चालवते? हो बाबांनो, बायको चालवते. ऊर्मिला ब्राउनश्वाइगमध्ये ब्रेक तपासणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर आहे, आणि लोक शनिवारी सकाळी भाजी आणायला जातात तशी ती नेमबाजीच्या फेराइनमध्ये जाते. फेराइन म्हणजे मंडळ. जर्मन माणसाला कशाचंही मंडळ लागतं, ससे पाळणाऱ्यांचंसुद्धा आहे. मी तिच्याबरोबर जातो, कॉफी पितो आणि कुडकुडत बसतो. त्या वस्तूत मला काडीचंही स्वारस्य नाही.

ऊर्मिलाला नेम धरायला शिकवलं ते हेर लुडेके यांनी. हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत, गुप्तहेर नव्हे. वय पंचाहत्तरीच्या पुढे, बायको वारलेली, मुलगा बॉनला, तो सणासुदीला फोन करणार. म्हाताऱ्याला काम एकच होतं. टीमची काडतुसं ते घरी तळघरात बसून भरायचे. वापरलेली पितळी नळकांडी घ्यायची, बुडात ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, दारू मापून घालायची, वर गोळी दाबायची. त्याला सरकारी परवाना लागतो आणि तो मंडळात त्यांच्या एकट्याकडे होता. आठवडाभर ते हेच करत आणि शनिवारी डबे घेऊन येत. दिवाळीचा फराळ वाटावा तसे ते डबे वाटायचे, प्रत्येकाला त्याचा वेगळा, नाव घालून.

ही गोष्ट २०१६ची. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ऊर्मिलाचं रिव्हॉल्व्हर अडायला लागलं. चाप ओढला, घोडा म्हणजे मागची हातोडी पडली, टक् असा आवाज आला आणि पुढे काही नाही. अशा वेळी नळी समोर धरून नुसतं थांबायचं असतं, न जाणो उशिरा उडालं तर. सगळी लेन गप्प होते आणि तुमच्याकडे बघते. थांबून झालं की तेच काडतूस पुन्हा ठोकायचं. दुसऱ्या ठोक्याला ते मुकाट उडायचं.

मंडळाच्या अध्यक्षांचं निदान तयारच होतं. बुडातली टोपी पुरती खोल बसली नसेल, तर पहिला ठोका तिला आत ढकलण्यातच खर्च होतो आणि दुसऱ्याला ती पेटते. म्हणजे भरणाऱ्याचा हात कमी पडला. बाकी कुणाचं अडत नव्हतं, पण प्रत्येकाचा डबा वेगळा भरलेला. हे बोलताना त्यांनी लुडेक्यांकडे पाहिलं नाही, पण लुडेक्यांच्या हातातला कप बशीवर वाजतो हे आम्ही सगळेच वर्षभर ऐकत होतो.

ऊर्मिलाला हे पटलं नाही. तिचा धंदाच बिघाड शोधण्याचा, आणि त्यात माणसाला शेवटी धरायचं, आधी यंत्राला. ती रिव्हॉल्व्हर घेऊन बंदूकवाल्याकडे गेली. त्याने दुकानात स्प्रिंग तपासली, उत्तम आहे म्हणाला. मग तिने घरी पेन्सिलची परीक्षा घेतली. रिव्हॉल्व्हर पूर्ण रिकामं करायचं, नळी वर धरायची, आत पेन्सिल सोडायची, रबराची बाजू खाली, आणि चाप ओढायचा. घोड्याचा ठोका आतल्या सुईला बसतो, सुई रबराला हाणते. ठोका चांगला असेल तर पेन्सिल उडते. आमची पेन्सिल छताला लागून आईच्या ताटात पडली. आई तेव्हा कऱ्हाडहून आमच्याकडे आली होती. ती म्हणाली, जेवताना हे काय खेळ मांडलेत, आणि आमटीतून पेन्सिल काढून माझ्या हातात दिली.

मग ऊर्मिलाने फॅक्टरीत भरलेली काडतुसं विकत आणली. दोन्ही प्रकार एकाच दिवशी, एकाच रिव्हॉल्व्हरमधून मारायचे आणि तुलना करायची. तीन शनिवार तिने हे केलं. लुडेक्यांची काडतुसं अडली, फॅक्टरीची एकही अडली नाही. आता बोला.

अध्यक्षांनी बैठक बोलावली. ऊर्मिलाला विचारलं, तिने जे पाहिलं ते सांगितलं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. अध्यक्ष फार गोड बोलले. इतकी वर्षं केलंत, आता आराम करा, पुढच्या मोसमापासून आपण विकतची आणू. लुडेके म्हणाले, "या. गेनाऊ." म्हणजे हो, बरोबर आहे, एवढंच. मग टोपी घातली आणि गेले. त्यानंतरच्या शनिवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. मला म्हाताऱ्याचं फार वाईट वाटलं आणि अध्यक्षांचा राग आला, पण आकडे बायकोचे होते, करणार काय.

डिसेंबरमधली एक सकाळ. बाथरूमची खिडकी रात्रभर उघडी राहिली होती, माझ्यामुळेच, हे मला ऐकवून झालं होतं. आईला न्हायचं होतं. खोबरेल तेलाची बाटली गोठून पांढरा दगड झाली होती, म्हणून तिने ती हाइत्सुंगवर, म्हणजे भिंतीवरच्या हीटरवर ठेवली, आपल्याकडे उन्हात ठेवतात तशी. घर तसं भट्टीसारखं तापलेलं असायचं. आईला थंडी सोसत नाही म्हणून आम्ही हाइत्सुंग इतकं चढवलं होतं, की मी डिसेंबरात बनियनवर वावरत होतो. ऊर्मिला दात घासत दारात उभी होती आणि बाटलीकडे बघत होती. तेल पाघळायला लागलं तरी ही हलेना.

"आई," ती म्हणाली, "खंडेनवमीला रिव्हॉल्व्हरला तुम्ही तेल घातलं होतंत का?"

"घातलं की. हेच. घोड्याच्या मागच्या फटीत तीन-चार थेंब. करकरत होतं गं ते. तू डोळे मिटून नमस्कार करत होतीस."

खंडेनवमीचं सांगायला हवं. कऱ्हाडला आम्ही दरवर्षी विळी, पक्कड आणि आईचं शिलाई मशीन पुजतो, कारण घरात दुसरं शस्त्र नाही. इथे खरंखुरं शस्त्र निघालं तेव्हा आईचा उत्साह काय विचारता. ऊर्मिलाने ते तिजोरीतून काढून, रिकामं करून पाटावर ठेवलं. आईने हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि शिलाई मशीनला घालते तसं तेल घातलं. ऊर्मिलाने नंतर वरवर पुसलं. आतली बाजू घरी उघडायची नाही हा लुडेक्यांचाच नियम, म्हणून आतलं आतच राहिलं.

ऊर्मिला बाथटबच्या काठावर बसली. तोंडात ब्रश तसाच. आमच्या घरात आणि दुकानात उबेला तेल पातळ, ठोका खणखणीत. शनिवारी उघड्या लेनवर, पाचसहा अंश थंडीत, तेच तेल सुईभोवती मेणासारखं घट्ट, ठोका अर्धा. हे मलाही कळलं. पण मी विचारलं, मग फॅक्टरीची काडतुसं का अडली नाहीत? तिने तोंडातला ब्रश काढला आणि सांगितलं.

कारण ती नेहमी लुडेक्यांची आधी मारायची. आमच्या घरची रीत आहे, घरातलं असलेलं आधी संपवायचं, मग नवं पाकीट फोडायचं. सकाळची पोळी उरली असेल तर रात्री आधी ती. तिन्ही शनिवारी तिने आधी म्हाताऱ्याचे डबे संपवले. तोवर रिव्हॉल्व्हर मारून मारून तापलं, तेल वितळलं, आणि मग फॅक्टरीचा खोका उघडला. इतकी मोठी इंजिनियर, पण क्रम उलटा करून बघावा हे सुचलं नाही. मलाही सुचलं नव्हतं, मी कॉफी पीत होतो.

त्याच दिवशी आम्ही लुडेक्यांकडे गेलो. आई हट्टाने बरोबर आली. चूक माझी, माफी मी मागणार, म्हणाली, आणि तिळाच्या वड्यांचा डबा घेतला. ऊर्मिलाने रिव्हॉल्व्हर कुलूपबंद पेटीत घालून गाडीच्या डिकीत ठेवलं.

लुडेके एकटे म्हणून घर तापवत नाहीत. तळघर तर गारठलेलंच. ऊर्मिलाने पेटी तासभर तिथे उघडी ठेवली, आणि मग पेन्सिलची परीक्षा केली. टक्. पेन्सिल नळीतल्या नळीत जरा उसळली आणि बसली. तिने रिव्हॉल्व्हर कोटाच्या आत काखेत धरलं, आम्ही वर जाऊन चहा प्यालो, खाली आलो. टक्. पेन्सिल तळघराच्या छताला लागली.

मग तिने सगळं सांगितलं. खंडेनवमी सांगताना तिचं जर्मन अडखळलं, तेवढं मी पुरं केलं. शेवटी ती म्हणाली, तुमची काडतुसं चांगली होती, मी आज अध्यक्षांना सांगते, तुम्ही पुन्हा भरायला लागा. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आमच्या लग्नात नव्हतं.

तेव्हा कुठे मी टेबलाकडे नीट पाहिलं. काडतुसं भरायचं यंत्र नव्हतं. जिथे ते आवळलेलं असायचं तिथे चार भोकं होती. यंत्र त्यांनी कार्ल्सरूहेच्या कुणाला तरी देऊन टाकलं होतं आणि परवाना कचेरीत परत केला होता. या वयात तो पुन्हा मागायचा तर नव्याने परीक्षा, नव्याने डॉक्टर. ते नाही म्हणाले, आणि त्यांना राग आलेला नव्हता, हे जास्त वाईट.

"बैठकीच्या रात्री मी उरलेलं एकेक काडतूस मापून पाहिलं," ते म्हणाले. "सगळ्या टोप्या बरोबर खोल बसलेल्या होत्या. तेव्हा मला कळलं, की मला आता मापताही येत नाही."

ऊर्मिलाने पेटी बंद केली.

आईने डबा उघडून पुढे धरला. लुडेक्यांनी वडी घेतली, तीळ टेबलावर सांडले. त्यांनी ते बोटाने एकेक टिपून खाल्ले. आईला बरं वाटलेलं दिसलं. ते काय म्हणाले, तिने मला विचारलं.

"काही हरकत नाही म्हणाले."

"मोठ्या मनाचा माणूस," आई म्हणाली. "आता भरायला लागतील ना ते पुन्हा?"

"लागतील की," मी म्हणालो, आणि डब्याचं झाकण शोधायला लागलो.