लेकीच्या घरचं गार पाणी

लेकीच्या घरी बापाने काही मागू नये, वाढतील ते गोड मानून घ्यावं, असं नागपूरच्या प्रतापरावांचं ठाम मत. त्यामुळे अमेरिकेत मॉरिसव्हिलला रेणूकडे आल्यावर पाहुण्यांच्या बाथरूममधला नळ डावीकडे फिरवला तर गार आणि उजवीकडे फिरवला तरी गारच पाणी आलं, तेव्हा त्यांनी ब्रही काढला नाही. बाहेर जानेवारी, गवतावर पांढरं दंव. नळ नुसता सोडून ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभा राहिलेला माणूस तो! अर्धी बादली भरली की नळ बंद. मग पहिला तांब्या अंगावर घेताना दातखीळ बसू नये म्हणून मोठ्याने, "हर हर गंगेऽऽ!"

ही गंगा जावयाच्या कानी गेली. निमिष पुण्याचा, आयटीतला, सज्जन मुलगा. टॉवेल द्यायला आला तर आरशावर वाफ नाही.

"बाबा, थंड पाण्याने? या थंडीत?"

इथेच खरं बोलले असते तर विषय मिटला असता. पण 'तुमच्या घरात गरम पाणी नाही' असं जावयाला तोंडावर कसं म्हणायचं? प्रतापराव म्हणाले, "सवय आहे हो, निमिषराव."

झालं! शनिवारी निमिषच्या श्रीराम नावाच्या मित्राकडे सगळे जेवायला गेले, तर निमिषने सगळ्यांसमोर सुरू केलं, "यार, आमचे बाबा सत्तरीत रोज कोल्ड बाथ घेतात!" एक जण तर पायाच पडला. प्रतापराव शिंक दाबत ताठ बसून राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

रेणूने भुवया उंचावल्या. "बाबा, घरी तुम्हाला मे महिन्यातही कढत पाणी लागायचं!"

"तू गप गं!"

गरम पाणी तर हवंच होतं. पण जावयाच्या डोळ्यांतला तो मान? गेला की गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि त्या मुठीपायी म्हातारा रोज सकाळी काकडत होता.

सोमवारी वरच्या मजल्यावरून किंकाळी आली. पाठोपाठ टॉवेल गुंडाळलेला निमिष जिन्यावरून खाली आला. ओठ निळे पडलेले.

"बाबा, तुमच्यासारखं थंड पाणी घ्यायचं ट्राय करतोय. नाही जमत हो मला. कसं करता? शिकवा ना."

पोराची त्यांना अशी काही दया आली की मानबिन गेला चुलीत.

"अरे बाप्पा, कसली सवय अन् कसलं काय! तुझ्या नळाला गरम पाणीच येत नाही!"

निमिष हसत सुटला आणि त्यांचा हात धरून बाथरूममध्ये घेऊन गेला. "सॉरी बाबा, सांगायचंच राहिलं. हीटर गॅरेजमध्ये आहे, घराच्या त्या टोकाला. पाणी इथवर यायला वेळ लागतो. डावीकडे फिरवून थांबायचं."

"म्हणजे तोवर वाहून जाऊ द्यायचं? छे!" प्रतापरावांनी बादली पुढे सारली. "हे विसणाला होईल."

दोघं नळाखाली बोटं धरून उभे राहिले. गार. अजून गारच. मग किंचित कोमट, आणि मग असं कढत की प्रतापरावांनी चटकन हात मागे घेतला. देवा रे देवा, काय बरं वाटलं! त्या दिवशी ते तासभर बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वाफेत बसून, डोळे मिटून, त्यांनी नकळत हाक मारली, "निमिष! अरे निमिष, पाठ चोळून दे रे जरा, हात पोचत नाही."

"बाबा, अहो त्याची मीटिंग आहे!" बाहेरून रेणूचा आवाज. प्रतापरावांनी जीभ चावली. जावयाला सांगतोय आपण!

दार ढकलून निमिष आत आला. बाह्या दुमडलेल्या, कानात अजून हेडफोन.

"म्यूट केलंय, बाबा. सरका पुढे."