आयतुर्गानला सांगू नका

बिश्केकच्या एका पशुवैद्यक कॉलेजात तिसऱ्या वर्षाचा मॉनिटर कुबात हा फार जबाबदार मुलगा होता. त्याच्या फोनमध्ये वर्गाचे तीन ग्रूप होते. पहिल्यात शिक्षक होते. तिथे सणाच्या शुभेच्छा जात. दुसऱ्यात शिक्षक नव्हते; वर्गाचा मुक्काम खरा तिथेच. तिसरा, ज्याच्याविषयी बोलायचं त्याला वगळून, दर वेळी नव्याने काढला जाई. विद्या यांपैकी कुठल्या ग्रूपवर येते हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी चौकशीही केली नव्हती.

त्या दिवशी मायराम एजे, म्हणजे मायरामबाई, मेंढीचं हृदय शिकवत होत्या. वर्ग नेहमीसारखा मान खाली घालून बसला होता. अलीकडे एजेंना मुलं चेहऱ्यावरून ओळखता येत नसत, भांगावरून येत. वर बघायची ती एकटी आयतुर्गान, पहिल्या बाकावरची. तिचा फोन रुमालात गुंडाळून पिशवीच्या तळाशी, तोही बंद. बाप सोनकोलच्या कुरणात मेंढ्या राखायचा. तिथे नेटवर्क एकाच टेकडीवर मिळे, म्हणून रविवारी तो घोड्यावर बसून टेकडी चढायचा आणि लेकीशी बोलायचा. "बाकीचे दिवस मला कोण फोन करतंय?" असं ती म्हणे. वर्गाला तिची दया यायची.

मधेच कुबातचा फोन थरथरला. अनोळखी नंबर. तो व्हरांड्यात आला.

"मॉनिटर कुबात का? मी आयतुर्गानचा काका, जुमाकादिर. पोरगी जवळ आहे?"

"आत आहे, आबा."

"मग अजून लांब जा." कुबात व्हरांड्याच्या टोकाला गेला. "माझा भाऊ गेला रे, पहाटे. तिला न्यायला निघालोय, बूमचा घाट उतरतोय आत्ता. मी येईपर्यंत तिच्या कानावर काही पडता कामा नये. आपल्यात मरण फोनवर कळवत नाहीत, तुला सांगायला नको."

"माहीत आहे, आबा."

"'बाप जरा आजारी आहे' एवढंच म्हणायचं नि घरी आणायचं. मग म्हातारी माणसं दोन्ही बाजूंनी धरून बसतात आणि सांगतात. बापाचं मरण एकट्याने अंगावर घ्यायची गोष्ट नव्हे. सांभाळशील ना तोवर? शब्द दे."

"दिला शब्द, आबा."

कुबातचा ऊर भरून आला. इतकं मोठं काम त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्याने नीट विचार केला. बातमी कुठूनतरी फुटणार आणि एखादा मूर्ख तिच्यासमोर बरळणार. तेव्हा सगळ्यांना आधीच ताकीद दिलेली बरी. त्याने नवा ग्रूप काढला. नाव ठेवलं 'आयतुर्गानला सांगू नका'. खाली लिहिलं : "तिचे वडील वारले. तिला माहीत नाही. काका येईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही." मग सगळा वर्ग त्यात घेतला. वसतिगृहातल्या मुली घेतल्या. आणि काही राहायला नको म्हणून शेजारचे दोन वर्गही घेतले.

तो आत आला तेव्हा वर्ग वर बघत होता.

मायराम एजे खडू हातात धरून थबकल्या. इतके डोळे त्यांनी एका वेळी पाहिले नव्हते. आयतुर्गान फळ्यापाशी उभी राहून हृदयाचे कप्पे काढत होती आणि अख्खा वर्ग तिच्याकडे टक लावून होता. एजेंच्या अंगात वारं संचारलं.

"शाब्बास! आता झडपा दाखव. सावकाश, सगळ्यांना समजू दे."

आयतुर्गान सावकाश झडपा दाखवू लागली. तिकडे ग्रूपवर मेणबत्त्या लागल्या, 'जिथे निजलेत ती जागा सुखाची होवो' सुरू झालं. शेजारच्या वर्गातल्या कुणीतरी विचारलं, "ही नेमकी कोणती?" लगेच फोटो गेला. "अरे, ही होय! बिचारी. हसतेय बघ." मग जानिलने, जी एरवी भुवया कोरायचे व्हिडिओ करायची, फोन पुस्तकाला टेकवून उभा केला आणि लाइव्ह सुरू केलं. वर लिहिलं : 'हिला अजून माहीत नाही.'

"जानिल, बंद कर," कुबातने लिहिलं.

"मी काही बोलतेय का? सांगू नका म्हणालास. दाखवू नका कुठे म्हणालास?"

बघणारे वाढत होते. व्हिडिओ आता फिरणारच, मग निदान आपल्या देखरेखीखाली फिरावा, असं त्याच्या जबाबदार मनाला वाटलं. त्याने लिहिलं, "मग वर्गाच्या पानावरून तरी टाक. आणि जरा पुढे सरक, आवाज येत नाहीये."

तास संपल्याची घंटा झाली. कुणी उठलं नाही. एजेंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "प्रश्न विचारा रे तिला!"

मागच्या बाकावरच्या एकाने, चांगुलपणाने, विचारलं, "तू... जेवलीस का?" त्यावर एक मुलगी हुंदका देऊन रडायला लागली.

आयतुर्गानने फळ्याकडे पाहिलं. "इतकं वाईट काढलंय का गं हृदय?"

वर्ग खळखळून हसला. त्या हसण्याला म्हणे लाइव्हवर सगळ्यात जास्त बदाम पडले.

एवढ्यात कुबातला काकाचा फोन आला. "दारात आलोय. काय चाललंय रे तिथे? तिकडे गावातल्या घरी बायका मयत सोडून फोनभोवती बसल्यात आणि पोरगी फळ्यावर लिहितेय म्हणून रडतायत!" कुबात काही म्हणायच्या आत दार उघडलं. दारात काका : डोक्यावर पांढरी, लोकरी नमद्याची टोपी, बुटांवर घाटाची धूळ.

"एजे, माफ करा. बाळ, चल. बाप जरा आजारी आहे."

"खूप?" आयतुर्गानने हात फ्रॉकला पुसले. "थांबा आबा, लावून बघते. आज रविवार नाही, पण कुणीतरी टेकडीवर असेल." तिने रुमाल सोडला आणि फोन सुरू केला.

फोन वाजायला लागला तो थांबेचना. शेजारच्या वर्गांना तिचा नंबर मिळाला होता आणि ती मुलं मायाळू होती. पहिलाच निरोप असा : "कुबातच्या ग्रूपवर वाचलं. धीर धर. तुला अजून माहीत नसेल तर हे वाचू नकोस."

तिने ते वाचलं. काकाने तिच्या खांद्यावरून वाचलं. घरापर्यंत जपून न्यायचं वाक्य त्याच्या ओठांवर तसंच राहिलं. वर्गात तीसेक फोन वर झाले.

तिने फोन परत रुमालात गुंडाळला. गाठ नीट बसेना, ती दोनदा मारली.

"आबा," ती म्हणाली, "मी काही वाचलं नाही. तुम्ही सांगा."

काकाने तिला बाकावर बसवलं. दुसऱ्या बाजूने धरायला म्हातारं माणूस नव्हतं. मायराम एजे आपण होऊन बसल्या. मग त्याने सांगितलं, जसं सांगायचं असतं तसं : आधी थकलेल्या घोड्याचं, मग प्रत्येकाच्या वाट्याला येणाऱ्या वाटेचं, आणि सगळ्यात शेवटी नाव. आयतुर्गानने हंबरडा फोडला.

लाइव्हच्या खाली कुणीतरी लिहिलं : "आम्हाला कधीचंच माहीत होतं."

जाताना काका व्हरांड्यात थांबला. "मॉनिटर तूच ना? हात पसर, बाळा."

वडीलधाऱ्याचा आशीर्वाद नाकारता येत नाही. कुबातने तळवे पसरले.

"तुझ्यावर वेळ येईल तेव्हा," काका अगदी मऊ आवाजात म्हणाला, "हेच सोबती तुझ्याभोवती असोत. ओमीन."

कुबातने रीतीप्रमाणे दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले.

पुढच्या आठवड्यात एजेंनी मेंढीचं यकृत घेतलं. वर्गाच्या माना पुन्हा खाली गेल्या होत्या. पहिला बाक रिकामा. आईचा फोन आला म्हणून कुबात व्हरांड्यात गेला.

"काही नाही रे," आई म्हणाली. "बाप जरा आजारी आहे. जमलं तर येऊन जा."

"काय झालंय? बाबांना फोन दे."

"झोपलेत. सर्दी आहे. तू ये तर."

आईचा आवाज नेहमीसारखाच होता. पण तो नेहमीसारखाच ठेवायचा असतो, हे कुबातला माहीत होतं. तो वर्गात आला. एक मान वर झाली. मग दुसरी. जानिलने पुस्तक उभं केलं, की नुसतं उघडलं, ते त्याला कळेना.

त्याने घाईघाईने फोन काढला आणि आपण ज्यात नाही अशा ग्रूपांची यादी शोधू लागला.