झोपाळ्यावरची चौकशी

वरच्या मजल्यावरची टाइल तिसऱ्यांदा सुटली तेव्हा उद्धवरावांनी सुनेला जिन्यातच गाठलं. "वर्षाली, कारण एकदा कागदावर येऊ दे, मग तुझा क्लास बंद."

क्लास म्हणजे काय, तर वरच्या खोलीत कुरुळी गावातल्या आठ बायका सकाळी तासभर गाण्यावर उड्या मारायच्या. त्यामुळे वर्षालीला हल्ली भाजीवालीसुद्धा मॅडम म्हणायची. ते सगळं तिला सोडायचं नव्हतं.

खोली होतीही कच्चीच. कंपनीत परदेशी मशिनं ज्या खोक्यांतून येतात, त्या लाकडाच्या तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर उद्धवरावांच्या हट्टापायी चकचकीत टाइल. पण उद्धवराव पडले क्वालिटीतले. तीस वर्षं पार्ट तपासून रिटायर झालेला माणूस पुराव्याशिवाय शिक्षा कशी देणार? त्यांनी कंपनीतल्यासारखा पाच चौकटींचा तक्ता आखला. पाचदा 'का' विचारायचं, पाचव्या चौकटीत खरं कारण सापडतं, खाली जबाबदार माणसाचं नाव लिहायचं. नाव त्यांनी पेन्सिलीनं आधीच लिहून ठेवलं होतं, ही गोष्ट वेगळी.

रविवारी गेनू मिस्त्री आला. तो आणि वर्षाली वर, उद्धवराव खाली झोपाळ्यावर, तक्ता मांडीवर. रिटायर झाल्यावर मोठ्या हौसेनं टांगलेला झोपाळा तो, त्यावरून ते फक्त जेवायला आणि झोपायला उठत.

"टाइल का सुटली?" खालून आवाज आला.

"खालचा सिमेंटचा मसाला फुटलाय," गेनूनं सांगितलं.

"मसाला का फुटला?"

"फळी लवतीया."

"फळी का लवते?" आता उद्धवरावांच्या आवाजात खुशी होती.

गेनू चहाच्या ग्लासाकडे बघत राहिला. क्लासला सुट्टी, वर दोघंच, दोघंही बसलेली, तरी जमिनीवर ठेवलेला चहा ग्लासात डुचमळत होता, आणि तोही तालात.

"बाबा, जरा झोका थांबवता का?" वर्षाली म्हणाली.

चहा थांबला.

"आता घ्या झोका."

चहा पुन्हा सुरू.

गेनूनं फळ्यांच्या फटीतून वाकून पाहिलं. झोपाळ्याच्या कड्या मधल्याच तुळईला होत्या. "उद्धवराव, तिसऱ्या चौकटीत 'तुळई हलतीया' लिवा, चौथीत झोपाळा."

खालचा झोका थांबला. वर्षालीला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. ती खाली आली तेव्हा सासरे पाचवी चौकट भरत होते: 'झोपाळा तुळईला का टांगला? कुणालाही न विचारता हौस केली.' मग त्यांनी खोडरबरानं खालचं नाव पुसलं. 'वर्षाली' तरी पुसट दिसतच होतं, त्यावर त्यांनी पेनानं स्वतःचं लिहिलं.

"आमच्या उड्यांचंही थोडं असेलच, बाबा."

"तक्त्यात एकच नाव असतं," ते म्हणाले, आणि तिच्याकडे बघायचं टाळून कड्या सोडायला उठले.

गेनूनं तुळईला मधोमध लाकडी खांब दिला, फळ्या स्क्रूनं आवळल्या, मग टाइल बसवली. खांबाची जागा नेमकी झोपाळ्याची निघाली, त्याला कोण काय करणार.

आठवड्यानं वर पुन्हा गाणं लागलं. आठ जणी उडत होत्या, टाइल हूं की चूं करत नव्हती. खाली उद्धवराव खांबाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत पेपर वाचत होते. गाणं रंगात आलं की नकळत पायानं जमिनीला रेटा द्यायचे, आणि खुर्ची काही हलायची नाही.