हाक

"मागे वळून पाहिलं नाहीस ना?" मी नातीला विचारलं.

"नाही आजी. तू सांगितलंस तसंच केलं. भाव सांगितला, शेठनं नाही म्हणून मान हलवली, मी गठ्ठा उचलला आणि हळूहळू चालायला लागले."

"मग?"

"मग घर आलं."

उशांच्या अभ्र्यांचा गठ्ठा अजून तिच्या डोक्यावरच होता. ते शिवता शिवताच सुनेनं अंथरूण धरलं होतं, पाठीला पट्टा बांधून. मुलगा गेल्यापासून घर तिच्या मशीनवर चालतं. म्हणून माल देऊन पोरीला धाडलं.

व्यवहार तिला मीच शिकवला. शाळेत नफा-तोटा शिकवतात, व्यापाऱ्याच्या तोंडाकडे कसं बघायचं ते कोण शिकवणार? भाव सांगायचा, पाठ फिरवायची. पायरी उतरायच्या आत हाक येते. मला तरी दर वेळी आली.

सून पडल्या पडल्या म्हणाली, "आई, आता त्याच्याकडे कारखान्याचा तयार माल येतो. केवळ तुमच्याकडे बघून आपला माल घेतो, असं मागच्या खेपेलाच म्हणाला होता."

"आणि हे मला आत्ता सांगतेस?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

मी पदर खोचला आणि उठले.

"माझं काही चुकलं का गं?" नातीनं विचारलं.

"नाही. चप्पल घाल."

दुकानात शेठच्या मागे छतापर्यंत अभ्रे रचलेले होते, चकचकीत पिशव्यांतले. मी म्हटलं, "मागचाच भाव द्या."

"भावाचं सोडा हो आजी. मला मालच नकोय."

"पोर आहे ती. काहीतरी बोलून गेली. तिला काय कळतंय?"

नातीनं माझ्याकडे पाहिलं. मी समोरच बघत राहिले.

शेठनं गठ्ठ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "निम्म्या भावात एवढा ठेवून जा. पुढचं काही सांगत नाही." आणि पायानं एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बसा. किती वेळ उभ्या राहाल?"

याच्या बापाशी मी याच दुकानात भांडले, ते उभ्यानं. बस म्हणायची त्याची छाती नव्हती.

मी बसले.

नातीनं गठ्ठा सोडला. एकेक अभ्रा उलटा करून ती आतली शिवण दाखवू लागली. "बघा ना साहेब," म्हणाली, "एक धागा सुटलेला नाही साहेब."

असं बोलायला तिला मी शिकवलं नव्हतं.